वेगळे झालोय, होम लोन जॉइंट आहे आणि नवऱ्यावर बाकीची कर्जं, काय करू?

रानवारा: आम्ही आता वेगळे राहतो, घटस्फोटाची केस चालू आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर, होम लोनपण जॉइंट. सध्या पूर्ण हप्ता मीच भरतेय कारण त्याचा पगार येतो तसा क्रेडिट कार्ड नि पर्सनल लोनमध्ये जातो. ती कर्जं त्याची एकट्याची, माझी कुठेच सही नाही. तो म्हणतो घर तुझ्या नावावर करून देतो, पुढचं तू बघ. करून टाकू का? कधी कधी वाटतं हप्ताच बंद करावा म्हणजे येईल ताळ्यावर.

हिशेबी: हप्ता अजिबात बंद करू नका!! बँकेच्या लेखी तुम्ही वेगळे झालेलाच नाहीत. जॉइंट लोनमध्ये निम्मं तुझं निम्मं माझं असं काही नसतं, दोघंही पूर्ण रकमेला बांधील, त्याने नाही भरलं तर सगळं तुमच्याकडून मागणार. उद्या कोर्टाने हप्ते त्याने भरावेत असं म्हटलं तरी बँकेचा करार आहे तसाच राहतो. हप्ता चुकला की दोघांचा क्रेडिट स्कोअर पडतो, त्याचा आधीच पडलेला असणार, म्हणजे मार तुम्हालाच.
कार्डाची उधारी सही नसेल, गॅरंटर नसाल तर सहसा तुमच्या गळ्यात येत नाही, पण वसुलीवाले कोर्टात जाऊन फ्लॅटमधल्या त्याच्या हिश्श्यावर बोजा चढवू शकतात. आणि हप्ता जॉइंट खात्यातून कापला जात असेल तर आधी तो स्वतःच्या खात्यावर घ्या. त्याचं पर्सनल लोन त्याच बँकेचं असलं तर त्या खात्यातले पैसे तिकडे वळते व्हायची भीती असते.

सातबारा: घर नावावर होणं आणि लोनमधून नाव निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लोकांना कागद झाल्यावर कळतं. त्याचं नाव काढायला बँकेची संमती लागते आणि ती तुमचा एकटीचा पगार बघून जवळपास नवीन लोनसारखीच तपासणी करते. म्हणून आधी बँकेचं लेखी घ्या, मग दस्त. त्यातून तो कर्जात असताना हिस्सा फुकट लिहून दिला तर देणी बुडवायला केलं म्हणून त्याच्या सावकारांकडून त्या व्यवहाराला आव्हान मिळू शकतं. व्हॅल्युएशन करा, त्याच्या हिश्श्याचे पैसे बँकेतूनच द्या, रोख नको. वकील तुमचा स्वतःचा, दोघांत एक नको.

रानवारा: आणि बँक एकटीच्या पगारावर नाही म्हणाली तर?

हिशेबी: मुदत वाढवून बसतंय का बघा, किंवा घरातलं कोणी को-बॉरोअर म्हणजे सहकर्जदार व्हायला तयार असेल तर (त्यांना पूर्ण कल्पना देऊन, नाहीतर उद्या तेच भांडण). नाहीच जमलं तर विकायचं. आधी बँकेचं फिटेल, उरेल त्यात वाटणी. वेगळे झाल्यापासून तुम्ही एकटीने भरलेले हप्ते तिथे मांडायचे, त्यामुळे स्टेटमेंट आत्तापासूनच काढून ठेवा.

सातबारा: बँकेला एक अर्जपण टाका, की माझ्या सहीशिवाय या लोनवर टॉप-अप (वाढीव कर्ज) देऊ नये. पोच घ्या.