अनुभव नसलेल्याला मत दिलंत का? (अमेरिका, २००८ आणि पुढे)

साध्या नोकरीला पाच वर्षांचा अनुभव मागतात, पण राष्ट्राध्यक्ष व्हायला घटनेत वय ३५, जन्माने नागरिक आणि १४ वर्षं वास्तव्य, बास! २००८ ला ओबामांना सिनेटमध्ये चार वर्षंही झाली नव्हती. तुम्ही मत देताना हे बघितलंत? स्वतःचं लिहा, चॅनेलवाल्यांचं नको.

*ह्यूस्टनची काकू*
टेक्सासच्या प्रायमरीआधी (पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, डेमोक्रॅट पक्षात ओबामांसमोर हिलरी क्लिंटन होती) हिलरीची ती जाहिरात लागायची, लेकरं झोपलीयत, रात्रीचे ३ वाजलेत, व्हाइट हाउसमध्ये फोन वाजतोय, उचलणार कोण. माझी धाकटी आठ महिन्यांची होती, मी रोज ३ वाजता दुधाची बाटली हलवत किचनमध्ये उभी, त्यामुळे मला ती फारच लागली :) हिलरीलाच दिलं. नोव्हेंबरात मात्र ओबामा.

*एडिसनकर*
२००२ ला इराकवरच्या युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावाला हो कोण म्हणालं? हिलरी, बायडन, मॅकेन (२००८ ला ओबामांसमोरचे रिपब्लिकन उमेदवार), सगळे अनुभवीच की. माझा प्रश्न तिथेच मिटला.

*इंडियानातला एक*
मी मॅकेनवाला. २६ वर्षं संसदेत काढलेला माणूस, ऑफिसात सगळ्यांना तेच ऐकवायचो. मग ऑगस्टअखेर त्यांनी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी पेलिनबाईंना घेतलं, अलास्काची गव्हर्नर होऊन दोन वर्षंही नाहीत, आता मी कुठल्या तोंडाने अनुभव अनुभव करू? त्यात १५ सप्टेंबरला लेहमन बँक बुडाली, बाजार कोसळला, ऑक्टोबरात रिटायरमेंट अकाउंटचं स्टेटमेंट आलं ते बायकोने फ्रिजवर ठेवलं आणि दोघांनीही दिवाळीपर्यंत फोडलं नाही. मत ओबामांना. आमचं राज्य १९६४ नंतर पहिल्यांदा डेमोक्रॅट गेलं, त्यात माझाही खारीचा वाटा.

*सांगलीची लेक*
बाबा तेव्हा सहा महिने आमच्याकडे होते. म्हणाले, अगं राजीव गांधी खासदार होऊन तीन वर्षांत पंतप्रधान झाले, तेव्हा आम्ही कुठे बायोडेटा मागितला? (पुढे बोफोर्स निघालं की बाबा विषय बदलतात.)

*रांगेतला*
मला मत नाही. ग्रीनकार्डच्या रांगेत १२ वर्षं. अनुभव दांडगा.

*ओहायोवाला*
२०१६ ला मी हिलरीवर पैज लावली होती. सिनेटर, परराष्ट्रमंत्री, समोर ट्रम्प, ना कधी सरकारी पदावर बसलेला ना सैन्यात गेलेला, असा राष्ट्राध्यक्ष त्याआधी झालाच नव्हता. शेजारच्या डेस्कवरच्याने ओबामांना दोनदा मत दिलेलं, तो ट्रम्पकडे गेला. म्हटलं अरे असं कसं? तर म्हणे, दोन्ही वेळा नवाच माणूस बघितला मी. पैजेचा बरिटो मीच आणून दिला, वर ग्वाकामोलेचे जादा पैसे.