व्हीटन टेरियर घरी असलेल्यांनो, अनुभव लिहा

आमच्या डब्लिनच्या घरी सहा वर्षांपासून सॉफ्ट कोटेड व्हीटन टेरियर जातीचा कुत्रा आहे. आणला तेव्हा गडद तपकिरी होता, तोंड काळपट. दोन वर्षांत उजळत उजळत पिकल्या गव्हाच्या रंगावर आला. सासूबाईंनी नाव ठेवलं गव्हल्या. मूळचा हा इथल्या शेतकऱ्यांचा कुत्रा: उंदीर मारायचे, गुरं वळायची, दारात राखण करायची. आयरिश केनेल क्लबाची मान्यता मिळायला मात्र १९३७ उजाडलं, तीही सेंट पॅट्रिकच्या दिवशी, म्हणजे १७ मार्चच्या आयरिश सणाला. वजन सतरा किलो, स्वतःच्या मते चार, त्यामुळे बसायला मांडीच लागते. रोज विंचरूनही याच्या काखेत जटा होतात. तुम्ही काय करता? बाकीचंही लिहा.

कॉर्कहून: तुम्ही वरवर ब्रश फिरवत असणार. आम्हीही तेच केलं. ग्रूमरने कंगवा घातला तर आत कातडीलगत नमद्यासारखा थर! सगळं भादरावं लागलं. शेजारी विचारत होते, बकरी आणली का. आता स्टीलचा कंगवा, केस थराथराने उचलून मुळापासून. कानामागे आणि पट्ट्याखाली आधी. जटा अंघोळीआधी सोडवा; भिजली की गाठ आवळते.

न्यू जर्सीहून: आमचा अमेरिकन वळणाचा, केस आयरिश व्हीटनपेक्षा दाट. केस गळत नाहीत म्हणून घेतला. खरंच गळत नाहीत, पण पाणी प्याला की दाढी गळते, स्वयंपाकघरापासून सोफ्यापर्यंत. आणि उड्या! आई भारतातून आली, दारातच छातीवर दोन पाय. तेव्हापासून नियम केला की चारही पाय जमिनीवर टेकेपर्यंत कोणी त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. नियम मोडते आईच. ‘अगं, एवढ्या मायेने कोण येतं गं दारात?’

गॉलवेहून: ससा दिसला की याचे कान बंद. उघड्यावर पट्टा सोडू नका.

लंडनहून: जरा जड लिहितेय. आमची सहा वर्षांची होती. पाणी जास्त प्यायला लागली, थोडी बारीक झाली. उन्हाळा आहे, म्हटलं. या जातीत मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून जाण्याचा आजार आढळतो, काहींत आतड्यांतूनही. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून टाकतात ते टाकाऊ द्रव्य) वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं बरंच नुकसान झालेलं असतं. लघवीतलं प्रथिनांचं प्रमाण आधी सांगतं. आम्ही दरवर्षी रक्त तपासत होतो, लघवी कधीच नाही. कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही. मग वेगळं पथ्याचं खाणं, रक्तदाबाच्या गोळ्या. चौदा महिने मिळाले. त्यातले अकरा चांगले होते. शेवटच्या आठवड्यातही घंटी वाजली की शेपटी हलायची. जटांचं होईल हो. सहावं वर्ष म्हणताय, तर नमुना देऊन या.

डब्लिनहून पुन्हा: लंडनच्या ताई, तुमचं वाचून त्याच दिवशी व्हेटला फोन केला. सकाळची पहिली लघवी हवी म्हणाले. गेले दोन दिवस मी पहाटे आमटीचा डाव घेऊन बागेत याच्यामागे वाकून फिरतेय. डाव पुढे केला की हा पाय खाली घेतो आणि आत काय आहे ते हुंगायला येतो. कोणी जमवलंय का हे?

कॉर्कहून: डाव नको, पसरट ताटली. आणि मागून जा, बाजूने नाही.