वेगळा वॉर्ड झाला, पण कॅन्सरचं काय?

सांजवारा: २०२३ मध्ये मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी वेगळा वॉर्ड सुरू झाला. कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण कॅन्सरचा पेशंट एका वॉर्डात थोडाच बसून राहतो? सोनोग्राफी, बायोप्सी, केमो, प्रत्येकाची खिडकी निराळी. दर खिडकीवर केसपेपरवरचं पुरुषी नाव पुकारतात आणि उठते साडीतली बाई. सगळी बाकं वळून बघतात. माझ्या ओळखीतली एक जण बायोप्सीचा रिपोर्ट न घेताच घरी आली. म्हणून म्हणतो, वेगळा वॉर्ड नको, आहे ती व्यवस्थाच बदला.

आडमुठा: परळला फुटपाथवर झोपणारे कॅन्सरचे पेशंट बघितलेत? गरिबाला सगळेच हिडीसफिडीस करतात. त्यात हा आणखी एक कप्पा कशाला?

सांजवारा: फुटपाथवरच्या पेशंटजवळ बहुतेक वेळा बायको नाहीतर भाऊ असतो हो. इथे सहीला तृतीयपंथी समाजातली गुरू, म्हणजे सांभाळणारी वडीलधारी, आली की 'रक्ताचं नातं कोण?' आयुष्मान भारतचं 'टीजी प्लस', म्हणजे तृतीयपंथीयांसाठीचं आरोग्य विमा कवच, २०२२ मध्ये जाहीर झालं, वर्षाला पाच लाखांचं. त्यालाही आधी तृतीयपंथी असल्याचं सरकारी प्रमाणपत्र काढा. पंधराव्या वर्षी घरातून हाकललेल्याने कागद आणायचे कुठून?

लॅबवाला: जरा शरीराचं बोलू. पुरुषाची स्त्री होण्याच्या लिंगबदल शस्त्रक्रियेत प्रोस्टेट (पुरुषांतली मूत्राशयाखालची ग्रंथी) सहसा काढत नाहीत. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन चालू असेल तर पीएसए, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरच्या तपासणीत रक्तात बघतात तो आकडा, खाली येतो, म्हणजे 'नॉर्मल' आकडाही फसवू शकतो. ट्रान्समनला, म्हणजे बाईच्या शरीरात जन्मून पुरुष म्हणून जगणाऱ्याला, गर्भाशयमुख असेल तर त्याची तपासणी हवीच, पण दाढीवाला माणूस स्त्रीरोग ओपीडीच्या रांगेत बसेल? अमेरिकेत रॉबर्ट ईड्स या ट्रान्समनला अंडाशयाचा कॅन्सर झाला. डझनाहून जास्त डॉक्टरांनी हात वर केले. १९९९ मध्ये ते गेले. केसपेपरवर 'स्त्री/पुरुष' एवढ्यावर भागत नाही, कुठले अवयव आहेत ते लिहा.

आडमुठा: हे पटलं. फारसा खर्चही नाही. पण मग वेगळ्या वॉर्डाने कुणाचं काय बिघडलं?

तिसरी घंटा: तेच विचारते. सांजवारा, 'वेगळा नको' हे तुम्हाला घरी बसून म्हणायला बरं. अपेंडिक्सच्या वेळी पुरुष वॉर्डात तीन रात्री काढल्यात मी, चादर डोक्यावरून घेऊन. मला आधी खाट द्या. व्यवस्था बदलायची वाट मी तिच्यावर पडून बघेन.

सांजवारा: 'नको' मागे घेतो. पुकाऱ्याचं मात्र सोडत नाही. नावाऐवजी नंबर पुकारायला काय जातं?

आडमुठा: आमच्या बँकेत पुकारतात की!