अनुभव धागा: छोट्या राजधानीत एकट्याने दोन दिवस

व्हिएन्नातलं ऑफिसचं काम शुक्रवारी संपलं, परतीचं विमान सोमवारी रात्री. शनिवारी पहाटे उठून थेट गाडी पकडली आणि सहाएक तासांत ल्युब्ल्यानाला उतरले, स्लोव्हेनियाच्या राजधानीत. वय ५२. आजवरचे सगळे प्रवास मोठ्या बहिणीबरोबर केले. यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून पहिल्यांदाच एकटी.

शहर तीन लाखांच्या आसपास वस्तीचं. मधल्या भागात मोटारींना बंदी, त्यामुळे नकाशा बघत रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं तरी चालतं. नदीवर तिहेरी पूल आहे. मधला दगडी पूल १८४२चा. तो अपुरा पडायला लागला तेव्हा योझे प्लेच्निक या वास्तुविशारदाने तो पाडला नाही, दोन्ही अंगांना पायी चालणाऱ्यांसाठी एकेक पूल जोडून दिला. पुलासमोर कवी फ्रान्से प्रेशेरेनचा पुतळा. त्याची नजर पलीकडच्या घराच्या भिंतीवर, तिथे खिडकीत, त्याचं जिच्यावर प्रेम होतं त्या युलियाची मूर्ती कोरलीय. ते प्रेम एकतर्फीच राहिलं. ८ फेब्रुवारी ही त्याची पुण्यतिथी, आणि त्या दिवशी अख्ख्या देशाला सुट्टी असते! आपण कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी भाषा दिन करतो, ते आठवून फार बरं वाटलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. कॉफी घेताना तिथल्या मुलीला विचारलं, "तुमच्या भाषेतलं काहीतरी शिकव." ती म्हणाली, आमच्यात दोघांसाठी वेगळं रूप असतं. 'याझ' म्हणजे मी, 'मी' म्हणजे आम्ही सगळे, आणि आम्ही दोघं म्हणायचं तर 'मिद्वा'. दोघी असतील तर 'मिद्वे'. शाळेत रामः रामौ रामाः घोकलं होतं, मराठीत द्विवचन उरलं नाही. इथे लोक ते भाजी घेताना वापरतात. रात्री ताईला फोन करून पहिलं हेच सांगितलं. ती बराच वेळ 'मिद्वे, मिद्वे' म्हणत राहिली.

तुमच्यापैकी कोणी अशा छोट्या राजधानीत एकट्याने गेलं असेल तर लिहा. ठिकाणांची यादी नको, काय घडलं ते सांगा.

*

ताई, द्विवचन वाचलं आणि लिहायलाच बसलो. मी विल्नियसला, लिथुआनियात, दीड दिवस होतो. रात्री साडेअकराला पोचलो तर भाड्याच्या खोलीची चावी ज्या पेटीत होती ती उघडेना. मालकाचा फोन बंद. थंडी मरणाची. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी खुणेनेच घरी नेलं, चहा केला. गॅसच्या ज्योतीकडे बोट दाखवून म्हणाले, 'उग्निस'. मी म्हटलं, अग्नी! मग त्यांना हुरूपच आला. धुराला 'दूमाय', म्हणजे धूम. भिंतीवरच्या फोटोतल्या मुलाकडे बोट करून 'सूनुस'. संस्कृतातला सूनु! दोनला 'दु', तीनला 'त्रीस'. रात्री एकला मालकाचा फोन लागला, तोवर आम्ही दहापर्यंत मोजून झालो होतो. विल्नियसमध्ये गेदिमिनासच्या बुरुजावरही चढलो, पण माझ्यासाठी ते शहर म्हणजे ते स्वयंपाकघर.

*

माल्टाची व्हॅलेटा. सगळं शहर एक चौरस किलोमीटरहूनही लहान, पण चढउतार भरपूर, पायांची तयारी ठेवा. रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण भरलेले पास्तिझी गरम गरम मिळतात. सेंट जॉनच्या चर्चमध्ये काराव्हाजो या इटालियन चित्रकाराचं १६०८चं चित्र आहे, सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही चित्रात सांडलेल्या रक्तातच केलीय. मी तासभर बसून होते. बरोबर कोणी असतं तर दहा मिनिटांत "चल ना" झालं असतं.

*

ल्युब्ल्यानाचंच थोडं अजून. प्लेच्निकने बांधलेली राष्ट्रीय ग्रंथालयाची इमारत चुकवू नका. आत शिरल्यावर काळोखा, भव्य जिना लागतो, दोन्ही बाजूंना मिळून गडद दगडाचे ३२ खांब. चढत वर गेलं की मोठ्या खिडक्यांचा उजेडाने भरलेला वाचनकक्ष. 'तमसो मा ज्योतिर्गमय' दगडात बांधलंय असं वाटलं. मी ग्रंथपाल आहे, डोळे भरून आले. आत सोडायची वेळ आधी बघून ठेवा.

*

ताई, स्लोव्हेनियाचा वेगळा व्हिसा काढलात का? मला सप्टेंबरात एकटीलाच जायचंय.

*

नाही. माझा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालतो तो) ऑस्ट्रियाचा होता, कारण जास्त दिवस तिथेच राहणार होते. तुमचा मुक्काम जिथे जास्त, त्या देशाकडे अर्ज करा. आणि स्लोव्हेनियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात हो! मला माहीत नव्हतं, ताईने डब्यात दिलेल्या खाकऱ्यांवर दुपार काढली. फळं शनिवारीच घेऊन ठेवा.