मदत हवी आहे: टू-स्टेप गराजचा डोल जमत नाहीये

साउदॅम्प्टनच्या मार्क हिल आणि पीट डेव्हरो या ‘आर्टफुल डॉजर’ जोडीने 1999 मध्ये गायक क्रेग डेव्हिडला घेऊन टू-स्टेप गराज (तुटक ठेक्याचं ब्रिटिश नृत्यसंगीत) थेट ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर नेलं. त्यांची ती डुलणारी लय ऐकून जीव वेडा होतो! तसाच ठेका मी आणि माझा मित्र एबलटन या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधतोय.

टेम्पो मिनिटाला 130 मात्रा, स्नेअर ड्रम दोन-चारवर, तिसऱ्या मात्रेवरची किक (मोठ्या ड्रमचा ठोका) काढलीय. हाय-हॅटला (झांजांना) 58 टक्के स्विंग दिल्यावर, म्हणजे एकाआड एक ठोका किंचित उशिरा टाकल्यावर, ठेका छान डुलतो, पण बेस आणि मराठी गायकीचे तुकडे जोडले की सगळं अडखळतं. क्वांटाइझ (ठोके आपोआप नेमक्या जागी बसवणं) काढून पाहिलं, स्विंग कमी-जास्त केला, फरक नाही. नवे प्लगइन घेणं शक्य नाही.

बेस आणि आवाजाच्या तुकड्यांनाही तोच स्विंग द्यायचा, की ते सरळ ठेवून फक्त हॅट झुलवायचे?