गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यात स्तनाचा कर्करोग: उपचार आणि पुढचे मातृत्व

प्रश्न: माझ्या धाकट्या बहिणीला विसाव्या आठवड्यात स्तनाचा कर्करोग निघाला आहे. बाळ पोटात असताना केमो देता येते का आणि ती पुन्हा आई होऊ शकेल का, या काळजीने घरात कोणाच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.

उत्तर १: ताई, पहिले तीन महिने उलटल्यावर अँथ्रासायक्लिन गटातील केमो देता येते, मात्र ट्रॅस्टुझुमॅब (कर्करोगाच्या पेशींवरील ठरावीक प्रथिनावर नेम धरणारे औषध), टॅमॉक्सिफेन (संप्रेरकांचा परिणाम रोखणारी गोळी) आणि रेडिएशन बाळंतपणानंतरच देतात. प्रसूतीच्या साधारण ३ आठवडे आधी केमो थांबवतात, कारण आईच्या आणि बाळाच्या रक्तपेशी सावरायला तेवढा वेळ लागतो.

उत्तर २: मला चोविसाव्या आठवड्यात केमो सुरू झाली, तेव्हा सलाइन लावण्याआधी नर्सने पोटावर यंत्र टेकवून बाळाचे ठोके ऐकवले होते आणि त्या आवाजावरच मी पुढचे तीन तास काढले. लेक आता शाळेत जाते.

उत्तर ३: सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधामुळे बीजांडांचा साठा घटतो आणि गर्भारपणात बीजांडे गोठवता येत नाहीत, म्हणून वंध्यत्वतज्ज्ञांना आत्ताच भेटा, सिझेरियन ठरलेच, तर त्याच वेळी अंडाशयाची ऊती काढून गोठवण्याचा विचार करता येतो. गाठ संप्रेरक-संवेदनशील, म्हणजे शरीरातील हार्मोन्सवर वाढणारी, असेल, तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉझिटिव्ह’ अभ्यासाबद्दलही विचारा: १८ ते ३० महिने संप्रेरकरोधक उपचार घेऊन गर्भधारणेसाठी ते थांबवलेल्या स्त्रियांमध्ये अल्पकाळात तरी आजार उलटण्याचे प्रमाण वाढले नाही.