दत्तक मुलाच्या आईला बारा आठवड्यांची रजा पुरेशी आहे का?

धागाकर्ती, जळगाव

२०२३ च्या पावसाळ्यात आमची दत्तक मुलगी घरी आली, तेव्हा ती नऊ महिन्यांची होती. सासूबाई दारातच अहिराणीत "आंडेर घर उनी" (लेक घरी आली) म्हणाल्या आणि त्यांनी तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मी येथील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेखा विभागात काम करते. रजेचा अर्ज दिल्यावर मला मातृत्व लाभ कायद्यातली २०१७ ची दुरुस्ती दाखवण्यात आली. तिच्यानुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी जन्मदात्या आईला २६ आठवडे आणि दत्तक घेणाऱ्या आईला १२ आठवडे तेव्हा मिळत, तेही मूल तीन महिन्यांहून लहान असेल तरच. त्यामुळे मला एकही दिवस मिळाला नाही. साठलेल्या हक्काच्या रजेतले २२ दिवस मी वापरले.

ही अट घालताना, दत्तक प्रक्रिया ज्यानुसार चालते तो बाल न्याय अधिनियम शेजारी ठेवून वाचला गेला नसावा. आईवडिलांनी स्वाधीन केलेल्या मुलाबाबत त्यांना फेरविचारासाठी ६० दिवस दिलेले आहेत, आणि सोडून दिलेले मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर ते दत्तक देण्यास मोकळे घोषित करण्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर अहवाल, पालकांशी जुळणी आणि कागदपत्रे होतात. इतके सगळे उरकून तीन महिन्यांच्या आत मूल घरी पोहोचणे जवळजवळ अशक्य असते.

कुशीत घेतले की आमची मुलगी ताठ होत असे आणि गादीवर एकटी ठेवली की लगेच झोपत असे, कारण तिला तीच सवय होती. माझ्या कुशीत ती पहिल्यांदा झोपली सातव्या आठवड्यात. तोवर मला कामावर रुजू होऊन जवळपास महिना झाला होता. म्हणून माझे मत असे की मूल कोणत्याही वयाचे असो, ते घरी आलेल्या दिवसापासून २६ आठवडे मिळावेत.

प्रतिसाद, अमळनेर

ताई, तुमच्या अनुभवाबद्दल आदर ठेवून मी विरोधी मत मांडतो. बाळंतपणात शरीर झिजते आणि त्या झिजेची भरपाई म्हणून ही रजा आहे. दत्तक घेताना तो भाग नसतो, त्यामुळे दोन्ही रजा सारख्या असाव्यात हे मला पटत नाही. दुसरे असे की माझी दालमिल आहे आणि माणसे चौदा. हिशेबनीस बाईंचा पगार २१ हजारांच्या वर असल्याने त्या कर्मचारी राज्य विमा योजनेत बसत नाहीत, म्हणजे सहा महिन्यांचा पगारही मीच द्यायचा आणि तुरीच्या हंगामात बदली माणूसही मीच ठेवायचा. हा भार असाच वाढत गेला, तर छोटे मालक तरुण बायकांना कामावर घ्यायलाच कचरतील.

प्रतिसाद, भुसावळ

मी केंद्रीय कर्मचारी असल्याने मुलाच्या जन्माच्या वेळी मला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळाली. माझा धाकटा भाऊ खासगी कंपनीत आहे. तिथे बापासाठी कायद्याने एक दिवसही नाही. दत्तकाच्या रजेची चर्चा करताना बापाला बाहेर ठेवले, तर मूल केवळ आईचेच काम आहे असे आपणच ठरवल्यासारखे होते.

प्रतिसाद, रावेर

आमच्याकडे केळीच्या बागेत रोजंदारीवर जाणाऱ्या बाईची या कायद्यात दखलच नाही. बारा आणि सव्वीसचा वाद आपण जरूर घालावा, पण तिची नोंद कुठे होणार हाही प्रश्न याच धाग्यात राहू द्यावा.

धागाकर्ती

रावेरचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. बापाच्या रजेलाही माझा पाठिंबा आहे.

अमळनेरच्या दादांना मात्र उत्तर द्यायला हवे. प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवूच नये, अशी कायद्यात सक्ती आहे. शरीरासाठीची सक्तीची विश्रांती तेवढीच आहे. उरलेल्या आठवड्यांचा मोठा भाग बाळासाठी आहे, आणि ते बाळ माझ्याही घरी आले होते. पगाराच्या ओझ्याबद्दल दादांचे म्हणणे खरे आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना हा भार मुख्यतः सरकारने उचलावा असे म्हटले होते. विमा योजनेची २१ हजारांची मर्यादा उठवली आणि हा पगार त्या निधीतून आला, तर तुमचा आक्षेप उरेल का?

प्रतिसाद, अमळनेर

सहा आठवड्यांची गोष्ट मला माहीत नव्हती, त्यामुळे शरीराच्या झिजेचा माझा मुद्दा मी मागे घेतो. निधीतून पगार आला तर पैशांचा आक्षेपही उरणार नाही. मात्र जानेवारी ते मार्च या काळात, जेव्हा दिवसाला गाड्यांमागून गाड्या लागतात, तेव्हा हिशेब जाणणारा भरवशाचा माणूस सहा महिन्यांपुरता तालुक्याच्या गावी कुठून आणायचा, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.